एकेचाळीस वेळा ‘जमलं’

केळी उत्पादक संघाच्या जळगावच्या कचेरीत संगणक आला, तेव्हापासून त्याच्या पडद्यासमोर सुनंदाबाईच बसत. यंत्र दिवसाला तीन हजार निरोप टाकायचं आणि त्यातले दोन हजार नऊशे निव्वळ बडबड. ती बडबड वाचण्यात त्यांची नऊ वर्षं गेली होती.

ब्याण्णव साली धुळ्याहून गिरधर आला. त्याचा प्रोग्राम बडबड गाळून कामाचे तेवढे निरोप पडद्यावर ठेवायचा. मॅनेजर तोताराम नानांनी सांगून टाकलं, आठ दिवस हा चुकला नाही तर पडद्यासमोर माणूस नको, सुनंदाबाईंची बदली धुळ्याच्या शाखेत. त्यांचं घर जळगावातच, मेहरूणला, नवरा वरणगावच्या फॅक्टरीत, मुलगी दहावीला. नानांना हे सगळं ठाऊक होतं.

सहाव्या दिवशी, शुक्रवारी, पडदा अगदीच गप्प होता. सुनंदाबाईंना ते खटकलं. त्यांनी गाळलेल्या निरोपांची फाइल उघडली. ‘टेपवर लिहिताना अडलं, पुन्हा लिहिलं, जमलं’ अशा अर्थाचा निरोप सकाळपासून एकेचाळीस वेळा आला होता. शेवटी ‘जमलं’ असलं की प्रोग्राम तो निरोप टाकून देत होता. एरवी असा निरोप दिवसाकाठी एखादा यायचा. असे निरोप वाढले की टेपचं यंत्र दगा देतं, हे त्यांनी दोनदा भोगलं होतं.

रविवारी जुनी डिस्क बदलायची होती. मग शनिवारी सगळ्या नोंदी उतरवलेली टेप हीच एकुलती नक्कल. कोणाची बाग कधी कापायची, कोणाचा माल कुठल्या वॅगनमध्ये, सगळं तिच्यावर.

गप्प बसलं तर गिरधर तोंडघशी पडणार आणि आपण जळगावातच राहणार. हा विचार त्यांच्या मनात आला आणि चहा संपेपर्यंत टिकलाही. मग स्वतःवरच चिडून त्या गिरधरच्या टेबलापाशी गेल्या.

“जमलं म्हणतंय ते टाकू नको. मोज.”

“किती झाले की सांगायचं, अक्का?”

“तासात तीन.”

“हाई बठ्ठं तुमना डोकामा शे,” हे सगळं तुमच्या डोक्यातच आहे, असं अहिराणीत पुटपुटत त्याने नियम लिहिला. संध्याकाळी टेपचं यंत्र दुरुस्त झालं. रविवारी डिस्क बदलली, सोमवारी कचेरी नेहमीसारखी सुरू झाली.

नाना खूश होते. आठ दिवसांत एकही चूक नाही, म्हणाले. गिरधर उठून उभा राहिला. शुक्रवारी प्रोग्राम चुकला होता, अक्कांनी पकडलं, असं त्याने स्वच्छ सांगून टाकलं.

नानांनी सुनंदाबाईंनाच विचारलं, “आता चुकेल का?”

गिरधर खाली बघत होता.

“नाही,” सुनंदाबाई म्हणाल्या, आणि बदलीच्या कागदावर सही करायला पेन मागितलं.