समोरची चेन

हिल्मीने डाव्या हाताच्या दोन बोटांनी चेन वर ओढली, खाली ओढली, पुन्हा वर ओढली. तिसऱ्या वेळी ती मध्येच अडकली, तसा त्याने तो इवलासा स्विमसूट काउंटरवर ठेवून दिला.

"हा नको."

"अहो, अकरावा आहे हा," दुकानवाल्या इफ्फतबाई म्हणाल्या. "चेन तपासताय की लिफ्ट?"

"लिफ्टच दुरुस्त करतो मी."

"तरीच! बरं, माप सांगा पोरीचं."

"चार वर्षं सात महिने."

"ते वय झालं. माप? आईला फोन लावा ना तिच्या, दोन मिनिटांचं काम."

हिल्मी वर पंख्याकडे बघत राहिला. अलेक्झांड्रियाच्या बाजारात तीस वर्षं लहान मुलांचे कपडे विकलेल्या बाईला एवढं पुरे होतं. त्यांनी फोनचा विषय पुन्हा काढला नाही.

तलाकला दीड वर्ष झालं होतं. जुमाना आईजवळ राहायची, आणि कोर्टाने बापाला दर शुक्रवारी तीन ते सहा एवढा वेळ दिला होता, तोही एका क्लबच्या हिरवळीवर, रजिस्टरात सही करून. असे दहाबारा बाप तिथे असत. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चिप्सची पाकिटं, आणि समोर बसलेलं लेकरू. बोलून बोलून काय बोलणार? गेल्या शुक्रवारी सव्वाचारला जुमानाने विचारलं होतं, "अजून किती वेळ आहे?" रडून नाही, रागावूनही नाही. बसमध्ये आपला स्टॉप कधी येईल ते विचारावं तसं. त्या दिवसापासून हिल्मीच्या डोक्यात तेच घोळत होतं. आज हे पोर विचारतंय, उद्या येतच नाही म्हणालं तर कुठलं कोर्ट तिला आणून बसवणार?

मग त्याला क्लबच्या कोपऱ्यातला मुलांचा तलाव दिसला. गुडघाभर पाणी. "पाण्यात जायचं?" असं त्याने विचारलं मात्र, जुमाना खुर्चीवरून टुणकन उतरली. घोडं अडलं ते कपडे बदलण्यापाशी. बायकांच्या खोलीत बापाला मज्जाव, आणि तिला सोबत घेऊन येणाऱ्या आजीच्या, हाज्जा सनिय्याच्या गुडघ्यांना त्या खोलीच्या पायऱ्या झेपत नव्हत्या.

"एकटी बदलू शकली तर जाऊ दे," हाज्जा म्हणाली होती. "पण आत एकदा का भोकाड पसरलं तिने, की पाणीबिणी सगळं बंद. मग बसा आपले खुर्चीवर."

तेव्हा कपडा असा हवा होता, जो साडेचार वर्षांची पोर एकटीने घालेल आणि ओल्या अंगाने एकटीने काढेल. एवढंच मागणं होतं त्याचं.

"मागच्या चेनचे सगळे बाजूला काढा," इफ्फतबाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "मागची चेन म्हणजे पाठीशी कुणीतरी हवं. अखंड अंगभर एकच नको. शूला लागली की सगळं सोलत बसेल बिचारी. दोन तुकड्यांचा घ्या. चड्डीला नाडी नको, ओली गाठ सुटता सुटत नाही. आतून बोट फिरवून बघा, शिवण टोचते का."

हिल्मीने बोट फिरवलं. मग गालावर घासून पाहिलं. दुकानात दोन बायका हसल्या, पण त्याचं लक्ष नव्हतं.

"निळा दाखवा."

"निळा पाण्यात दिसतो होय! नारिंगी घ्या. पोर कुठे आहे ते लांबून कळलं पाहिजे."

"बरं, नारिंगी. पण एक नंबर मोठा द्या. पुढच्या वर्षीही होईल."

"वाटलंच मला, सगळे हेच म्हणतात! फ्रॉक घ्या दोन नंबर मोठा, कोण नको म्हणतंय? पण पाण्यात सैल कपड्याचं पोतं होतं, भाऊ. तिला या उन्हाळ्यात खेळायचंय ना? मग या उन्हाळ्याचं माप सांगा. खांद्यापासून बुडापर्यंत किती?"

आकडा हिल्मीला ठाऊक नव्हता. मग त्याने डावा हात कोपरात वाकवला, मूल घ्यावं तसा. "इथे बसते," तो म्हणाला, "आणि तिचा खांदा माझ्या इथे येतो." त्याने स्वतःच्या हनुवटीखाली बोट टेकवलं.

इफ्फतबाईंनी टेप काढली. त्याच्या रिकाम्या हातापासून हनुवटीपर्यंत धरली, आकडा पाहिला, आणि खालच्या खणातून एक नारिंगी जोडी काढली. लांब बाह्यांचा वरचा अंगरखा, पुढे गळ्यापासून पोटापर्यंत चेन. हिल्मीने दोन बोटांनी ओढली. लोण्यासारखी सरकली.

घरी येऊन त्याने चेनच्या टोकाला जाड लाल दोऱ्याची एक कडी बांधली, छोटं बोट सहज आत जाईल एवढी. मग लोडाला तो अंगरखा घातला, नळाखाली धरून चिंब भिजवला आणि एका हाताने काढून पाहिला. बाह्या चिकटत होत्या. आधी खांदे सोडायचे, मग मनगट ओढायचं. सात वेळा केल्यावर जमलं. मोठं हसू आलं त्याला स्वतःचं. एवढा बाप्या माणूस, आणि भर दुपारी लोडाचे कपडे उतरवतोय. पण हसायला सोबत कुणी नसलं की हसू टिकत नाही, ते लगेच विरलं.

पिळून त्याने ती जोडी बाल्कनीतल्या दोरीवर घातली. त्या दोरीवर दीड वर्ष फक्त त्याचेच शर्ट वाळत होते. समोरच्या बाल्कनीतून म्हाताऱ्या उम्म फतहीने मान वर केली. गल्लीत कुणाकडे पाहुणा आलाय, कुणाचं भांडण झालंय, हे ती दोऱ्यांवरून सांगायची.

"अगंबाई! जुमाना आलीय का रे?"

नाही म्हणायला काय झालं होतं? पण जीभ रेटली नाही. "झोपलीये," तो म्हणाला.

"झोपू दे, झोपू दे." उम्म फतहीने आवाज एकदम खाली आणला. थोड्या वेळाने तिच्याकडून बस्बूसाची बशी आली, रव्याची वडी पाकात न्हालेली, वर एकेक बदाम. हिल्मीने ती सगळी एकट्याने खाल्ली, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या.

शुक्रवारी तीनला रजिस्टरात सही झाली. हिल्मीने जुमानाला हिरवळीवर बसवून एकदा सगळं दाखवलं. लाल कडीत बोट. खाली ओढायचं. आधी खांदे, मग मनगट.

"कळलं?"

"मी लहान नाहीये," जुमाना म्हणाली आणि पिशवी घेऊन पायऱ्या उतरून गेली.

दार लागलं. हाज्जा सनिय्या जपमाळ ओढत खुर्चीत बसली. हिल्मी दारापासून पाच पावलांवर उभा राहिला, त्याच्या पुढे जाणं बरं दिसलं नसतं. एक बाई बाहेर आली, दुसरी आत गेली. तिला 'जरा बघता का हो' म्हणावंसं वाटलं, पण तोवर दार लागलं होतं. आत काहीतरी आपटलं. मग रडण्याचा आवाज आला.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" हाज्जाने माळ मुठीत धरली. "बसा आता खुर्चीवर."

हिल्मी एक पाऊल दाराकडे सरकला. तेवढ्यात दार उघडलं आणि एक बाई रडणाऱ्या, हात पाय झाडणाऱ्या पोराला काखोटीला मारून बाहेर आली. तिच्या मागून जुमाना. नारिंगी अंगरखा, चेन गळ्यापर्यंत बंद, चड्डी उलटी. फ्रॉक पिशवीतून लोंबत होता.

"तो मुलगा रडत होता," तिने सांगितलं. "त्याची चेन पाठीवर आहे."

हिल्मीने तिला उचललं. माप बरोबर होतं.

मग पाणी. हिल्मी पँट गुडघ्यापर्यंत वळून काठावर बसला, आणि पोर पाण्यात असा काही धिंगाणा घालत होती की दोनदा त्याचा शर्ट भिजला. नारिंगी ठिपका इकडून तिकडे, तिकडून इकडे. अंगरखा फुगला नाही, घसरला नाही. मधेच तिने धापा टाकत येऊन त्याचा गुडघा धरला.

"अजून किती वेळ आहे?"

हिल्मीने घड्याळ पाहिलं. पाहायची गरज नव्हती. "वीस मिनिटं."

"फक्त?" ती म्हणाली आणि परत पाण्यात पळाली.

सहाला ती कपडे बदलून, ओली जोडी हातात घेऊन आली. पाणी टपटपत होतं. हाज्जाने पिशवी पुढे केली.

"टाक यात. आई धुवेल."

"नाही. हा बाबाच्या घरचा आहे." जुमानाने तो गोळा हिल्मीच्या हातात कोंबला. "तुझ्याकडे दोरी आहे?"

"आहे."

"मग वाळत घाल. पुढच्या शुक्रवारी आण."

तलाकनंतर घेतलेलं त्याचं हे घर तिने कधी पाहिलेलं नव्हतं. पण त्या घरात तिची एक वस्तू असते, हे तिने ठरवून टाकलं होतं. हाज्जाने काही वाद घातला नाही. पिशवी बंद केली आणि नातीचा हात धरून फाटकाकडे चालू लागली. हिल्मी त्या दोघी दिसेनाशा होईपर्यंत उभा राहिला, मग सही करायला गेला.

तो घरी पोचला तेव्हा सूर्य अजून बुडाला नव्हता. त्याने दोरीवर आधी अंगरखा घातला, मग चड्डी, दोन्हींना चिमटे लावले. तलावाच्या पाण्यातल्या औषधाचा वास बाल्कनीभर पसरला. समोर उम्म फतही भेंडी निवडत बसली होती.

"झोपली का रे?" तिने हळूच विचारलं.

हिल्मीने दोरी धरून ठेवली. "नाही, मावशी. ती तिच्या घरी गेली. आणि त्या दिवशीही ती इथे नव्हती. मी खोटं बोललो."

"माहितेय मला." तिने एक भेंडी मोडली, किडकी बाजूला टाकली. "बस्बूसात पाक फार झाला होता का, तेवढं सांग. तुला गोड लागतं म्हणून मी जास्तच घातला होता."