डाव्या खांद्यातली गादी

मधल्या सुट्टीत जिन्याखालच्या बाकावर कोणी बसायचं, हे कॅप्टन ठरवायची. ती शाळेच्या संघाची कॅप्टन होती, आणि गाडीतून येणाऱ्या मुलींचीही. टेलरबाईंच्या मुलीला सगळे टाचणी म्हणत. ती वर्षभर नळापाशी उभी राहून डबा खायची. बाकावरून उठून तिच्याशी बोलायला यायची ती एकटी वकिलांची मुलगी.

एकदा वकिलांची मुलगी शाळेत आली नव्हती. कॅप्टनने लाडात हाक मारली, "टाचणे, तुला आमच्यात बसायचंय ना? मग काहीतरी आण की. रिकाम्या हाताने कोण येतं?"

"माझ्याकडे काय असणार?"

"अगं, आम्ही सगळ्या तुझ्या आईकडेच माप देतो. आमच्या महाराणीसुद्धा."

शाळेच्या नाटकात राणीची भूमिका वकिलांच्या मुलीला मिळाली होती. कॅप्टनच्या वाट्याला दासी आली होती.

टेलरबाईंच्या दुकानात माप घ्यायला पडदा होता. पडद्याआड दिसेल ते तिथेच ठेवायचं, ही त्यांची मुलीला सक्त ताकीद. टाचणीने बाकाकडे पाहिलं. कोणीतरी दप्तर उचलून तिच्यापुरती जागा केली होती.

"तिचा डावा खांदा खाली आहे," ती म्हणाली. "आई आतून कापसाची गादी शिवते. म्हणून कळत नाही."

कॅप्टनने जागेवर थोपटलं. "बस गं बाई, बस!"

तालमीला राणी रंगमंचावर आली, तेव्हा समोरच्या सगळ्या मुली डावा खांदा पाडून बसल्या होत्या. टाचणीसुद्धा. राणीने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती टाचणीवर थांबली.

दुसऱ्या दिवशी बाकावर टाचणीच्या जागी पुन्हा दप्तर होतं.

"मी कुठे बसू?"

"नळावर," कॅप्टन डबा उघडत म्हणाली. "माझंही माप तुझ्या आईकडेच आहे, बाई. तुझ्या तोंडाचा काय भरवसा?"

संध्याकाळी वकिलांची मुलगी राणीचा पोशाख घेऊन दुकानात आली.

"मावशी, यातली गादी काढून टाका."

"का गं बाळा? राणीला रुबाबात उभं राहायचंय ना?"

"मी नाही करत आता. कॅप्टन राणी होणार आहे. तिला गादी लागत नाही."

टेलरबाईंनी मशीन थांबवलं. "कोणी सांगितलं गं त्यांना?"

वकिलांच्या मुलीने पोशाख मशीनवर ठेवला. कोपऱ्यात बसलेल्या टाचणीकडे तिने पाहिलंही नाही. टाचणीची मान मात्र खाली गेली होती.

आई ओरडली नाही. तिने ब्लेड टाचणीपुढे ठेवलं. "तू उसव."

"आई, नको ना..."

"हिच्यासमोर. आणि सावकाश. कापड फाटता कामा नये."

टाचणी एकेक टाका उसवत गेली. दाबून चपटा झालेला कापूस तिच्या मांडीवर पडला. वकिलांची मुलगी शेवटचा टाका निघेपर्यंत उभी राहिली. मग "येते, मावशी," म्हणून निघून गेली.

आईने पोशाख खुंटीला लावला.

"उद्या नव्या राणीचं माप घ्यायचंय," ती म्हणाली. "तेवढा वेळ तू बाहेर रस्त्यावर उभी राहा."