डावा कान आणि सोबत एक इसम

भिंगरीचा डावा कान देशाच्या रग्बी सेव्हन्स संघात निवडला गेला. मात्र भिंगरीसमोर हा विषय काढायचा नाही असं घरात ठरलंय, त्यामुळे तसं काही घडलेलंच नाही. आता जे घडलंच नाही, ते सुरुवातीपासून ऐका.

भिंगरी म्हणजे भलताच चपळ गडी. सात-सात मिनिटांच्या दोन डावांत तो एवढा गरगर फिरायचा, की संघातल्या पोरांनी त्याचं खरं नाव केव्हाच टाकून दिलं होतं. गेल्या वर्षी तो दोन आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळून आला. यंदा बारा जणांच्या दोन याद्या लागल्या आणि दोन्ही वेळा हा तेरावा. तिसऱ्या यादीकडे तो डोळे लावून बसला होता. त्यात धडका खाऊन खाऊन डावा कान फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगलेला.

ताई चष्म्याच्या दुकानात कामाला. एकदा तिने सहज त्या कानावर एक फ्रेम अडकवली. मग दुसरी. कानाने सहा फ्रेम पेलल्या. ताईने फोटो काढून कानाच्या नावानं खातं उघडलं आणि आठवड्यात चार लाख लोक कानाच्या नादी लागले. भिंगरीच्या स्वतःच्या खात्यावर एकशे बारा माणसं, त्यात मावशी दोनदा.

"ताई, बंद कर तो चावटपणा!"

"मग तुझा फोटो टाकू? उजवीकडून तू अगदी आपल्या प्लंबरसारखा दिसतोस."

पुढच्या सामन्यात भिंगरीने अख्खं मैदान कापून चेंडू पलीकडच्या रेषेपार टेकवला आणि विजयी ट्राय केला. व्हिडिओ अकरा लाख लोकांनी पाहिला. खाली प्रतिक्रिया: "काय पळतो हा कान!" एकाने तर विचारलं, "कानाला लटकलेला तो माणूस कोण?"

भिंगरीचं डोकं फिरलं. "ऑपरेशन करून सरळच करून टाकतो!" म्हणाला. ताईने तेही खात्यावर टाकलं. तासाभरात रग्बी महासंघाचं पत्र हजर: कान आहे त्या स्थितीत जपावा. दुसऱ्या दिवशी यादी लागली. बारावं नाव: डावा कान (सोबत एक इसम).

"चला, यंदा घरातलं कुणीतरी संघात गेलं एकदाचं!" आईने डोळे पुसले.

"सोबत मी जातो," बाबा म्हणाले. "नाहीतरी रिकामाच आहे."

"बाबा, कान माझ्या डोक्याला आहे!"

"म्हणून काय झालं? तू दोनदा जाऊन आलायस." बाबांनी बॅग उतरवलीसुद्धा.

भिंगरी दार लावून अर्ज लिहायला बसला:

"उपरोक्त कान अर्जदाराच्या डोक्यास जन्मापासून जोडलेला आहे. सबब, 'सोबत एक इसम' या जागी वडिलांऐवजी अर्जदाराची नेमणूक व्हावी. कान मैदानात असेपर्यंत अर्जदारासही मैदानात थांबू द्यावे. आणि कानाने मिळवलेल्या गुणांपैकी निम्मे तरी अर्जदाराच्या पायांच्या नावे लावण्यात यावेत, ही नम्र विनंती."