ढब्बूची परवानगी

कपडे शिवणाऱ्या त्या बाईला सगळी गल्ली मावशी म्हणायची; तिच्याहून वयाने मोठा असलेला समोरचा घड्याळवालासुद्धा. मावशीच्या दुकानात एकच कायदा होता. गिऱ्हाईकाने समोर उभं राहून तोंडाने ‘हो’ म्हटल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. घाई असो, ओळख असो, आधी हो म्हणा.

अशा बाईच्या दुकानात त्या दिवशी घड्याळवाला अनवाणी धावत आला.

“मावशी, तुमचा ढब्बू द्या!”

“द्या म्हणजे? बोका आहे तो, बटाटा नव्हे.”

ढब्बू कापडं बेतायच्या टेबलावर पसरला होता. बाहेरचं जग त्याने खिडकीतूनच काय ते पाहिलेलं.

“काडीला रक्त हवंय,” घड्याळवाला म्हणाला. काडी त्याची मांजर. तिच्या रक्तात कसलेसे जंतू शिरले होते. औषध होतं, पण ते लागू पडेपर्यंत तग धरायला अंगात रक्तच उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाली होती, घराबाहेर न जाणारं, धट्टंकट्टं मांजर आणा.

आता ही काडी म्हणजे पक्की चोरटी. रोज सकाळी यायची आणि ढब्बूच्या वाटीतलं हादडून जायची. ढब्बू मेला नुसता बघत बसायचा, म्हणून मावशीच तिच्यावर दोऱ्याची रिळं फेकायची.

“खर्च ऐकून भावाने मला वेड्यात काढलं,” घड्याळवाला म्हणाला. “म्हणे, तेवढ्यात दहा मांजरं येतील. येतील हो! पण दुकानात दिवसभर माझी बडबड ऐकून घेणारी ती एकच आहे.” मावशीने ढब्बूला न्यायला टोपली काढली.

दवाखान्यात डॉक्टरने ढब्बूचं वजन केलं, थेंबभर रक्त काढून गट जुळवला. जुळला.

“गुंगीचं औषध देऊ, मानेवरचे केस काढू. धोका कमी आहे, पण नाहीच असं मी म्हणणार नाही.”

“आणि यात ढब्बूला फायदा काय?”

“त्याला? काहीच नाही.”

झालं! मावशीचं घोडं तिथेच अडलं. काचेपलीकडे काडी चिंधीसारखी पडली होती. तिच्याकडे बघवत नव्हतं, पण कायदा तो कायदा. मावशीने ढब्बूला समोर बसवलं. “बोल रे बाबा. देतोस का?”

ढब्बूने जांभई दिली.

“हो म्हणाला!” घड्याळवाला ओरडला.

“जांभई दिली त्याने. उगाच काहीतरी.”

तेवढ्यात ढब्बू उठला आणि आपणहून टोपलीत जाऊन बसला.

“बघा, तयार झाला!”

“अहो, घरी चल म्हणतोय तो. एवढं कळतं मला.”

घड्याळवाल्याचा चेहरा पडला. डॉक्टर हळूच म्हणाली, “मावशी, फार वेळ नाही आपल्याकडे.”

मावशीने काचेपलीकडे पाहिलं, टोपलीत पाहिलं आणि डोळ्यांना पदर लावला. “लिहून घ्या, डॉक्टर. हा हो म्हणालेला नाही. हो मी म्हणतेय. याचं काही बरंवाईट झालं तर ते माझ्या माथी.” आयुष्यात पहिल्यांदा तिने ‘हो’ ऐकल्याशिवाय कात्री चालवली होती. ढब्बूला गुंगी येईपर्यंत ती त्याचा पंजा धरून उभी होती, आणि मनातून पार हादरली होती.

ढब्बू सुखरूप घरी आला, पण मानेवर टक्कल घेऊन. आल्या आल्या कपाटावर चढला आणि मावशीकडे पाठ करून बसला. टेबलाकडे ढुंकून बघेना. गिऱ्हाइकं विचारायची, “काय झालं हो याला?”

“रुसलाय. रुसू दे, हक्क आहे त्याचा,” मावशी म्हणायची, पण घास काही तिच्या घशाखाली उतरत नव्हता.

समोर घड्याळवाल्याकडे काडी मात्र डोळे उघडती झाली, मग खाऊ लागली, आणि एका सकाळी उंबरा ओलांडून थेट ढब्बूच्या वाटीपाशी हजर! मागोमाग घड्याळवाला. मावशीचा हात सवयीने रिळाकडे गेला आणि थांबला. ढब्बू कपाटावरून उतरत होता.

“आता रक्ताचं नातं हो, मावशी!” घड्याळवाला गदगदून म्हणाला.

ढब्बू काडीजवळ गेला. तिला हुंगलं. आणि तिच्या थोबाडात अशी सणसणीत ठेवून दिली, की काडी शिलाई मशीनखाली!

“अरेरे! आपलंच रक्त ना रे ते!”

मावशी मात्र खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत सुटली. “कुणी न विचारता सांगितलं हो त्याने! नाही म्हणाला!”

तिने उठून काडीसाठी दुसरी वाटी भरली आणि लांब, दाराशी ठेवली. ढब्बू आपली वाटी चाटूनपुसून टेबलावर चढला आणि बेतायला काढलेल्या कापडावर ऐसपैस पसरला. कापडाची मालकीण दुपारी आली. “शिवला का झगा?”

“उद्या या,” मावशी म्हणाली. “तो उठायला नाही म्हणतोय.”