बाबांचा ग्लास

बाबा गेल्यानंतर त्यांचे तिघे मित्र पहिल्यांदाच घरी आले, तेव्हा आज बाबांच्या हातची चव जमवायचीच, असं लेकीने ठरवलं. जिन, लिंबू, आल्याचा रस आणि सोडा एकत्र करून तिने सगळ्यांचे ग्लास भरले.

"झकास! पण तुझा बाबा रम घालायचा गं," डॉक्टरकाका म्हणाले.

"काहीतरीच! व्होडका आणि संत्र्याचा रस," वकीलकाकांनी त्यांना उडवून लावलं.

"तुम्हा दोघांना चढायची, म्हणून आठवत नाही," टक्कलकाका म्हणाले. "जिनच असायची. पण आलं नाही, पुदिना."

लेक चक्रावली. आईला हसू आलं. "अहो, हे प्रत्येकाचा ग्लास वेगळा करायचे. एकमेकांचा कधी चाखलात का?"

"मग बाबा स्वतः काय घ्यायचे?" लेकीने विचारलं.

काकांनी एकमेकांकडे पाहिलं, मग आईकडे. आईचं हसू ओसरलं. "मी आत तळणात असायचे गं."

आल्याचा वास मात्र लेकीला पक्का आठवत होता. तो कुणाच्या ग्लासचा, कोण जाणे. बाबांच्या आठवणीसाठी मांडलेला रिकामा ग्लास तिने आल्याच्याच मिश्रणाने भरला आणि, चुकलं तर चुकलं म्हणत, त्यांच्या खुर्चीसमोर ठेवला.