संमतीपत्राचे पारायण

माझा आवाज हळू आहे. माझे वाक्य संपण्याआधीच समोरच्याचे उत्तर आलेले असते. कोपरीतल्या एका रुग्णालयात दम्याच्या तीव्र झटक्यावर शिरेतून द्यायच्या दोन औषधांची तुलना करणारा अभ्यास सुरू झाला आणि रुग्णांना संमतीपत्र वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. ज्यांच्यापाशी मध्ये बोलण्याइतका श्वासच नाही, असे श्रोते मला प्रथमच लाभले.

आधी वाफेचा मास्क आणि नेहमीची औषधे द्यायची. तेवढ्याने उतार पडला नाही, तरच रुग्णाला अभ्यासात घ्यायचे, असा नियम. मधल्या वेळात मी वाचत असे. अकरा पाने संपण्याआधीच मास्क आपले काम करी आणि रुग्ण उठून चहा मागे.

"अरे, भरभर वाच ना रे," अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टर अमृता वैतागत. "एक पेशंट मिळत नाहीये मला!"

श्रेय मात्र मास्कला मिळाले नाही. मोहने गावच्या बायजाबाई बऱ्या होऊन गेल्या आणि तिकडे गवगवा झाला, की कोपरीला दम्याची पोथी वाचतात.

म्हणूनच त्यांचे शेजारी दगडूकाका आपल्या पत्नीला, शेवंतीबाईंना, रिक्षात घालून वाटेतले सगळे दवाखाने मागे टाकत आले. बाईंचे ओठ निळसर पडले होते. मास्क लागला. काकांनी चपला दाराबाहेर काढल्या, सोबत आलेल्या लेकीला डोक्यावरून ओढणी घ्यायला लावली आणि मला हात जोडले.

"महाराज, करा सुरू."

'आपणांस या अभ्यासात सहभागी होण्याची विनंती करण्यात येत आहे…' आसपासच्या खाटांवरचे लोकही सावरून बसले. शेवंतीबाईंना मात्र उतार पडेना. चौथ्या पानाशी त्यांची मान कलू लागली.

"शिरेतून द्यायलाच हवं," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी आनंद लपवला, पण पुरता नाही. "सही घे."

"सही समाप्तीला," काका म्हणाले. "पोथी अर्ध्यात सोडली तर घरावर येतं. सुईपण मगच."

"अहो काका, फॉर्म आहे तो!"

"मग बायजा कशानं बरी झाली?"

"मास्कनं!"

"मास्क तिला मोहन्यातपण लावलेला."

मी धावत वाचू लागलो. शब्द एकमेकांवर आदळले.

"महाराज, उच्चार," काकांनी टोकले.

तेवढ्यात शेवंतीबाईंनी माझ्याकडे पाहिले. ती नजर माझ्या ओळखीची होती. वाक्य आत उभे आहे आणि बाहेर वाट नाही, अशा माणसाची. काका अजून उच्चारांबद्दल सांगतच होते. आयुष्यात प्रथमच मी कुणाचे तरी बोलणे तोडले.

"यांना अभ्यासात घेऊ नका, मॅडम, म्हणजे या सहीची गरजच नाही. तुमच्या मते जे योग्य, ते औषध द्या. काका, पोथी सोडत नाही मी. खूण घालून ठेवतो. खूण घातली की पोथी अर्धी राहत नाही, नुसती थांबते."

हा नियम मी त्याच क्षणी रचला होता. काकांनी थोडा विचार केला, लेकीच्या वेणीतले अबोलीचे फूल काढून पानांत ठेवले आणि पत्नीचा हात डॉक्टरांपुढे धरला.

"माझा पहिला पेशंट!" डॉक्टर पुटपुटल्या, पण तोवर त्यांची बोटे शीर शोधू लागली होती.

थेंब पडत राहिले. हळूहळू खांद्यांची धडपड निवली, ओठांवर रंग परतला. संध्याकाळी शेवंतीबाई पूर्ण वाक्य बोलल्या.

"उरलेली वाचा."

"ती आता तुम्हाला लागू नाही."

"असू दे. आणि जरा मोठ्यानं वाचा. मघाशी एक अक्षर ऐकू आलं नाही."

मी अबोलीचे फूल बाजूला केले आणि वाचू लागलो. शेवंतीबाई प्रत्येक वाक्याला अडवत होत्या, "म्हणजे काय?" विचारत होत्या, आणि मी सांगत होतो. 'लाभ होईलच असे नाही,' या ओळीला काकांनी फलश्रुतीसारखे हात जोडले. शेवटी, 'आपण केव्हाही, कोणतेही कारण न देता, बाहेर पडू शकता,' असे मी मोठ्याने वाचले.

कोणीही उठले नाही.