रागावणारं माणूस

पंचानं तिसऱ्यांदा हात आडवा केला, तेव्हा पौर्णिमा गावंडेनं मान खाली घातली.

अमरावतीच्या त्या मैदानावर सप्टेंबरचं ऊन चटके देत होतं. विदर्भाच्या महिला संघासाठी निवडीचा सामना चालला होता, आणि एका षटकात तीन नोबॉल टाकणारी ती मुलगी पौर्णिमाच्या हाताखाली वाढलेली होती. इफ्फत. डावखुरी, उंच, एकोणीस वर्षांची. चौथं षटक संपलं तेव्हा ती गुडघ्यांवर हात टेकवून वाकली होती. दोन वर्षांपूर्वी हीच पोरगी अकोल्याच्या मे महिन्यात सलग दहा षटकं टाकायची आणि पाण्याला न थांबता सीमारेषेकडे पळायची.

पौर्णिमा अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका शाळेत क्रीडा शिक्षिका होती. नोकरीला बावीस वर्षं झाली होती. लोक तिला दोन गोष्टींनी ओळखत, शिट्टीनं आणि जिभेनं. सकाळच्या सरावाला ती मुलींना जे बोलायची, ते ऐकून शेजारचे लोक खिडक्या लावून घेत. मुली मात्र तिला सोडून जात नसत. इफ्फत आठवीत असताना गोळाफेकीसाठी आली होती. पौर्णिमानं तिचा खांदा पाहिला, गोळा काढून घेतला आणि हातात चेंडू दिला. तिचे वडील रऊफभाई मोटारसायकलींच्या सीटला कव्हर शिवत. "पोरगी तुमच्या भरोशावर सोडून राह्यलो, मॅडम," ते म्हणाले होते. "चुकली तं कान धरजा."

पौर्णिमानं पाच वर्षं कान धरला. मग गेल्या डिसेंबरात महिलांच्या लीगचा लिलाव झाला आणि एका संघानं इफ्फतला चाळीस लाखांना घेतलं. मोहल्ल्यात फटाके फुटले. रऊफभाईंचं पत्र्याचं घर पक्कं झालं. इफ्फतनं गाडी घेतली, आणि एक दिवस पौर्णिमाच्या दारात विजेवर चालणारी नवी स्कूटर आणून उभी केली. नको म्हणायला पौर्णिमानं तोंड उघडलं, पण पोरीचा फुललेला चेहरा पाहून मिटून घेतलं.

लीगमध्ये इफ्फतला एकच सामना खेळायला मिळाला. मार्चात ती परत आली. सहाच्या सरावाला आधी सातला येऊ लागली, मग आठवड्यातून तीनदा, मग नुसते फोन. आज सत्कार आहे. आज दर्यापूरला एका शोरूमचं उद्घाटन आहे. पौर्णिमा म्हणायची, "बरं."

हे "बरं" तिचं तिलाच ओळखू येत नसे. दुसरी कोणी असती तर तिनं घरी जाऊन अंथरुणातून ओढून आणली असती. इफ्फतचा फोन आला की मात्र ती "बरं" म्हणून ठेवून देई. आपल्या पाच-सहा वर्षांच्या पगाराएवढं जी एका हंगामात मिळवते, तिला कोणत्या तोंडानं बोलायचं? आणि तेही तिनंच दिलेल्या स्कूटरवर बसून जाऊन?

शिक्षकांच्या खोलीत गणिताचे ओमप्रकाश सर म्हणत, "सोपं हाय, मॅडम. भूक होती तवा पळे. आता पोट भरलं, कायले उठन सकाळी?"

पौर्णिमाला हे गणित पटत नसे. ती स्वतः विसाव्या वर्षी राज्याच्या संघातून भाला फेकायची. तिला कोणी फुटकी कवडी दिली नव्हती. पोट रिकामं होतं, म्हणूनच तर भाला ठेवून नोकरी शोधावी लागली. उपाशी माणूस पळतो म्हणतात, मग आपण का थांबलो?

संध्याकाळी पाचला पंधरा नावं वाचून दाखवली. त्यात इफ्फत नव्हती. निवड समितीतल्या एक वयस्कर बाई पौर्णिमाला ओळखत होत्या. जाता जाता त्या थांबल्या. "गावंडे, या पोरीचा पाय कुठे पडतो, ते कोणी बघत नाही का हो?"

पौर्णिमाच्या कानशिलांना आग लागली.

परतताना दोघी इफ्फतच्या गाडीतून निघाल्या. बडनेरा मागे पडलं. दोन्हीकडे कपाशी उभी होती. इफ्फत गाडी चालवत होती आणि दर दोन मिनिटांनी तिच्याकडे बघत होती. मूर्तिजापूरजवळ तिनं चहाच्या टपरीपुढे गाडी थांबवली, पण उतरली नाही.

"मॅडम, काहून काई बोलून नाई राह्यल्या?"

"काय बोलू?"

"काईबी बोला. तीन नोबॉल टाकले मी. लिस्टमंदी नाव नाई आलं. पयले असं झालं असतं तं तुमी मले इथंच उतरवून देलं असतं, अन् अकोल्यापर्यंत पैदल ये म्हटलं असतं."

"आता तू मोठी झाली."

"कायची मोठी झाली?" इफ्फतचा आवाज चढला. "वर्षभर झालं, मले कोणी एक वाकडा शब्द बोललं नाई. अब्बा म्हणते, झोप बेटा, थकली असशीन. तिथं टीममंदी सगळे म्हणत, यंदा शिकून घे, पुढच्या साली पाहू. सत्कारवाले तं पायच पडते. म्हटलं, एक माणूस तं हाय आपलं रागावणारं. अन् तुमी म्हणता, बरं!"

पौर्णिमानं मनात साचलेलं एकदाचं बोलून टाकलं.

"तुई स्कूटर घेतली ना, तईपासून माही जीभच उचलत नाई, इफ्फत."

इफ्फत तिच्याकडे वळली. "मॅडम, मी तोहफा देला होता. तुमची जबान नोती घेतली इकत."

टपरीवाला दोन कप घेऊन काचेपाशी आला. दोघींनी कप हातात धरले. कुणी घोटही घेतला नाही.

"सांगू का," इफ्फत हळू आवाजात म्हणाली. "पयले सकाळी उठायचं म्हटलं का मले माहीत राहे. मी पळाली तं घर होईन, अब्बाचा खोकला दाखवता येईन. आता घर झालं, अब्बाची दवा झाली. मंग अलार्म वाजते अन् मी इचार करते, आता कायच्यासाठी पळू? हे मले कोणीच सांगत नाई. तुमी सांगा."

वर्गात सांगायला पौर्णिमाकडे पुष्कळ वाक्यं होती, देशाची, नावाची, स्वप्नांची. त्यातलं एकही तिला या पोरीपुढे काढवेना.

"ते मले नाई माहीत," ती शेवटी म्हणाली. "ते तुलेच शोधा लागन. मले इतकंच माहीत हाय, का तुया उजवा पाय रेषेच्या पुढं पडून राह्यला, कारण शेवटल्या चार पावलांत तू लांब ढांगा टाकते. दम नाई उरत म्हणून टाकते. अन् दम नाई उरत कारण तू म्हशीवानी लोळत राह्यते सकाळी आठ वाजेपर्यंत!"

शेवटचं वाक्य टपरीवाल्यालाही ऐकू गेलं. इफ्फतनं ओठ दाबले. तिला हसू येत होतं की रडू, ते तिलाच कळेना.

"उद्या सहा," पौर्णिमा म्हणाली. "सहा म्हणजे सहा."

दुसऱ्या दिवशी इफ्फत सहा वाजून वीस मिनिटांनी आली. पौर्णिमानं तिला फाटकातूनच परत पाठवलं, सगळ्या मुलींसमोर. तिसऱ्या दिवशी पौर्णिमा पोचली तेव्हा ती फाटकाबाहेर बूट बांधत बसली होती.

महिनाभर पौर्णिमानं तिला पूर्ण धावू दिलं नाही. सहा पावलांवरून टाक. मग दहा. मैदानाच्या फेऱ्या वेगळ्या. इफ्फत चिडायची, एकदा बाटली आपटून निघून गेली आणि अर्ध्या तासानं स्वतःच परत आली. पौर्णिमा रोज स्कूटरवरून येई, स्कूटर लिंबाखाली लावी आणि उतरल्या उतरल्या बोलायला सुरुवात करी. शेजारच्या खिडक्या पुन्हा लागू लागल्या. दिवाळी होईतो चेंडू पूर्वीसारखा आत वळू लागला. इफ्फत कायच्यासाठी पळते, ते पौर्णिमानं विचारलं नाही. एकदा मात्र फेऱ्या संपवून ती मातीत उताणी पडली होती, तेव्हा आपणहून म्हणाली, "मॅडम, आज पायाले मजा आली."

पण लीगच्या संघानं तिला सोडलं होतं. नोव्हेंबरच्या शेवटी पुन्हा लिलाव झाला. त्या दिवशी दुपारचा सराव होता. मुली पौर्णिमाच्या मोबाइलभोवती गोळा झाल्या. इफ्फतचं नाव पडद्यावर आलं, फोटो आला. दहा लाखांपासून बोली होती. लिलाव पुकारणाऱ्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. एकाही टेबलावरून हात वर झाला नाही. हातोडा पडला आणि पुढच्या मुलीचा फोटो आला. सगळं मिळून अर्ध्या मिनिटात झालं.

मुलींना कुठं बघावं ते सुचेना. इफ्फतनं घरी फोन लावला. "अब्बा, नाई झालं. हो. नाई, रडत नाई. तुमी जेवून घ्या." फोन पिशवीत टाकून ती उठली, नवा चेंडू घेतला आणि धावत येण्याची पावलं मोजायला चालू लागली.

यष्टीमागे उभी राहणारी मुलगी डोळे पुसत होती. पौर्णिमानं तिच्या हातातले मोजे काढून घेतले, ओढणी कमरेला खोचली आणि यष्टीच्या बरीच मागे जाऊन बसली. शेहेचाळीस वर्षांचे गुडघे कुरकुरले.

"ये वं!" ती ओरडली.

इफ्फत धावत आली. चेंडू टप्पा पडून उसळला आणि मोज्यात असा आदळला की पौर्णिमाचा तळहात मनगटापर्यंत झणझणला. डोळ्यांत पाणी आलं. तिनं मोजा काढला नाही. चेंडू परत फेकला आणि पुन्हा वाकून बसली.